भिंतीवरची चित्रे आणि पायाखालची जमीन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



उभे राहून बोलायची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत बोलायचे म्हटले की पोटात गोळा येतो. पण चिटणीसबाई गेल्या महिन्यात घरी आल्या आणि म्हणाल्या, "वारली चित्रांचा वर्ग तुम्हीच चालवलात, तेव्हा त्यावर दहा मिनिटे तुम्हीच बोला." मी हो म्हटले आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. काय बोलावे ते सुचत नव्हते असे नाही. जे सुचत होते ते बोलावे की नाही, हे कळत नव्हते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "खरे तेच सांग. खोट्याला पाठांतर लागते." म्हणून आज माझ्या बोलण्यात चित्रे थोडी आणि जमीन जास्त येणार आहे. त्यात माझ्या घरची एक चूकही आहे. ती आपण पोटात घालावी.

आधी २०१८ सालची आठवण करून देते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा पायी मोर्चा मुंबईला निघाला होता. एकशे ऐंशी किलोमीटरची वाट. तो आपल्या ठाण्यावरून गेला, तेव्हा आपण दहाबाराजणी हमरस्त्यावर पाण्याची पिंपे आणि बिस्किटांचे पुडे घेऊन उभ्या होतो. आठवते ना? किती बायका होत्या त्यात! पायांत चपला नाहीत, तळव्यांना फोड आलेले, डोक्यावर लाल टोपी. बहुतेकजणी आदिवासी. मुलांच्या दहावीच्या परीक्षेला अडचण नको म्हणून ती माणसे पुढे रात्रीची चालत आझाद मैदानात गेली. आपल्याला त्यांचे फार कौतुक वाटले. मी एका म्हातारीला माझ्या पायातल्या चपला काढून दिल्या. तिने कमरेची पिशवी उघडून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद मला दाखविला आणि म्हणाली, "दावा टाकून लई वर्सं झाली, बाय." मी नुसती मान डोलावली. कसला दावा, कोणाकडे, हे काही मी विचारले नाही. चपला दिल्या, पुण्य पदरात पडले, घरी येऊन आमटीला फोडणी दिली. झाले.

पुढे आपला चित्रांचा वर्ग सुरू झाला. मी कोणा गुरूकडे शिकले नव्हते. मोबाईलवर पाहिले आणि तुम्हांला शिकविले. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणसाचे धड होते, वर गोल डोके, खाली काडीचे पाय. आपण माठ रंगविले, ताटे रंगविली, रुखवताच्या सुपांवर चित्रे काढली. हळदीकुंकवाला विक्री झाली आणि मंडळाच्या निधीत भर पडली. त्यात काही वाईट केले असे मी म्हणत नाही. पण ती चित्रे ज्यांची, ती माणसे कोण, हा प्रश्न वर्षभरात आपल्यापैकी एकीलाही पडला नाही. मलाही पडला नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते.

आमच्या यांना कंपनीने हिशेब देऊन मोकळे केले, तेव्हा हाती चार पैसे आले होते. एका ओळखीच्या दलालाने सांगितले, "डहाणूकडे दहा गुंठे जागा आहे. मोक्याची आहे, भाव पडका आहे." आमच्या डोळ्यांसमोर लगेच लहानसे घर उभे राहिले. पुढे पडवी, परसात चिकूची झाडे. मी तर मनातल्या मनात त्या घराच्या भिंतींना गेरू लावून वारली चित्रेसुद्धा काढून मोकळी झाले होते! यांनी विसार म्हणून २१,००० रुपये दिले. त्यात माझे भिशीचे पैसे होते.

विसार दिल्यावर जागा पाहायला गेलो. आधी का नाही गेलात, असे तुम्ही विचाराल. अहो, लोभाला घाई असते. घोडबंदरवरून अहमदाबादच्या हमरस्त्याला लागलो, चारोटी मागे टाकून आत वळलो. पावसाळा नुकताच संपला होता, भात पिवळे पडू लागले होते. जागा छानच होती. एका कडेला मोठे झाड होते आणि झाडाखाली लाकडाची एक फळी रोवलेली होती. तिच्यावर वाघ कोरलेला, वर सूर्य आणि चंद्र, सगळ्याला शेंदूर माखलेला. पुढ्यात नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या.

दलाल म्हणाला, "हे काढून टाकता येईल, वहिनी. दोन माणसांचे काम."

तेवढ्यात शेजारच्या झोपडीतून एक आजीबाई काठी टेकीत आल्या. चिडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मला शेजारी बसवून घेतले आणि सांगू लागल्या. तो वाघदेव. दिवाळीच्या आधी वाघबारशीला त्याची पूजा करायची. आपण त्याच दिवशी वसुबारस करतो, गाईवासरांना ओवाळतो. ते वाघाला सांगतात, आमची गुरे, आमची माणसे सांभाळ. ज्या रानात वाघ राहतो त्याच रानात आपण राहतो, तेव्हा त्याच्याशी भांडून कसे चालेल, असे त्यांचे साधे म्हणणे. जमिनीला त्या धरतरी म्हणत होत्या आणि धान्याला कणसरी. दोन्ही देवीच. नवे धान्य आले की आधी देवाला, मग आपल्या तोंडात.

त्यांच्या झोपडीची कुडाची भिंत गेरूने सारवलेली होती. आत वाकून पाहिले तर भिंतीवर चौक! नातवाच्या लग्नाचा होता. आपण माठावर काढतो तसली नाचणारी माणसे त्यात नव्हती. चौकोनाच्या आत देवी उभी होती. आजी म्हणाल्या, "ही पालघट. हिच्याबिगर लगीन लागत नाय." तांदूळ वाटून त्याचे पाणी करायचे, बांबूची काडी टोकाला चावून तिचा कुंचला करायचा आणि सवाशिणींनी चौक लिहायचा. हो, त्या 'काढायचा' म्हणाल्या नाहीत, 'लिहायचा' म्हणाल्या. आणि भगिनींनो, त्यांच्यात लग्न लावते तीसुद्धा बाईच. तिला धवलेरी म्हणतात. ती गाणी म्हणते आणि लग्न लागते. मी सातवी शिकलेली बाई, वर्षभर वारली चित्रांची मास्तरीण म्हणून मिरविले, आणि ती मुळात बायकांनी लिहिलेली देवीची पूजा आहे हे मला त्या झोपडीत कळले.

निघताना आजींनी मला विचारले, "तुमचा गावदेव खंयचा?"

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. का, ते सांगते. माझ्या माहेरची माणसे मूळची कोयनेच्या खोऱ्यातली. १९६०च्या सुमारास कोयनेचे धरण झाले आणि आमचे गाव पाण्याखाली गेले. आजोबा-आजी बिऱ्हाड घेऊन कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात आले. सरकारने जमीन दिली, नाही असे नाही. पण माझ्या आजीने निघताना गावदेवीच्या पुढची मूठभर माती पदराला बांधून आणली होती. ती डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवलेली असे. वैशाखात धरणाचे पाणी उतरले की आजी म्हणायची, "आता जोत्याचे दगड उघडे पडले असतील." आम्ही पोरे हसायचो. एकदा मी म्हटले, "आजी, इथे जमीन मिळाली ना तुला?" तेव्हा ती म्हणाली, "मिळाली गं. पण ही जमीन मला ओळखत नाही." डबीतली माती तिच्या मरणानंतर कोणीतरी तुळशीत टाकून दिली.

त्या दिवशी झाडाखाली मला आजी दिसली. जिची ओळख हरवली अशा म्हातारीची नात मी, आणि आज दुसऱ्या म्हातारीची ओळख दहा गुंठ्यांच्या भावाने विकत घ्यायला आले होते.

घरी येताना गाडीत कोणी बोलले नाही. रात्री मी यांना सातबारा वाचायला सांगितला. त्यात आदिवासी खातेदार असल्याचा आणि कलम ३६ अ चा शेरा होता. दलालाला विचारले तर म्हणाला, "सातबारा तुमच्या नावावर होणारच नाही. आपण ९९ वर्षांचा करार करू. ताबा तुमचा, नाव त्याचे." आजींच्या मुलाला बायकोच्या आजारपणात पैसे लागले होते, ते या दलालाने दिले होते आणि कागदावर अंगठा घेतला होता. म्हणजे सगळा प्रकार कायद्याला बगल देऊन चालला होता. आमच्या घरी त्यावरून मोठे भांडण झाले. हे म्हणाले, "आपण नाही घेतली तर दुसरा घेईल. त्या लोकांचे काय भले होणार आहे त्यात?" मी म्हटले, "घेईल तो घेवो. त्या देवाला उपटून माझ्या कुंपणात घर नको." विसार बुडाला. माझे भिशीचे पैसे गेले. चार महिने आम्ही धड बोलत नव्हतो.

त्यानंतर मात्र मी वाचनालयातून पुस्तके आणायला लागले. दुपारची कामे आटोपली की वाचायची. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक मी दोनदा वाचले. ते १९७० साली निघाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गोदावरीबाई शिकलेल्या, वकिलीची परीक्षा दिलेल्या. त्या आणि त्यांचे यजमान शामराव या वारल्यांत जाऊन राहिले. त्यात वाचले ते ऐका. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघेही त्याच्या घरी राबायला बांधली जात. त्याला 'लग्नगडी' म्हणत. म्हणजे आपण ज्या लग्नाच्या चौकाची चित्रे हौसेने काढतो, ते लग्न म्हणजे त्या बाईच्या जन्माची गुलामी असे. ज्या जमिनीवर वेठ करायची, ती एके काळी त्यांच्याच बापजाद्यांनी कसलेली. कर्ज, कागद, अंगठा असे करीत ती सावकाराकडे गेली होती. रान म्हणावे तर १८७८ च्या जंगल कायद्याने इंग्रज सरकारने ते राखीव करून ठेवलेले. पिढ्यान्‌पिढ्या जिथून सरपण, कंद, मोह आणला, तिथेच ती माणसे चोर ठरली.

१९४५ साली हे वारली उठले. वेठ करणार नाही, असे ठरविले. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि पाच वारली मारले गेले. पण वेठ आणि लग्नगडीची चाल मोडली. पुढे १९७४ साली आपल्या राज्यात कायदा झाला की आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येणार नाही. आमच्या सातबाऱ्यावरचा शेरा तो हाच. आणि २००६ साली दिल्लीला वनहक्कांचा कायदा झाला. जंगलात राहणाऱ्यांवर पूर्वीपासून अन्याय झाला, हे त्या कायद्याच्या आरंभातच कबूल केले आहे. जो १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत आहे, त्याने दावा करायचा आणि सरकारने त्याचा हक्क लिहून द्यायचा, चार हेक्टरांपर्यंत.

आता कळले ना, त्या मोर्चातल्या म्हातारीच्या पिशवीतला कागद कसला होता? तो हाच दावा. ती नवी जमीन मागायला चालली नव्हती. जी आधीपासून आपली आहे, ती आपली आहे असे कोणीतरी लिहून द्यावे, एवढ्यासाठी तिने पायाचे फोड सोसले होते. त्या वेळी सरकारने सहा महिन्यांत दावे निकालात काढू असे लिहून दिले. तरी २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा मोर्चा निघाला, वाशिंदपर्यंत आला, आणि त्यातही वनजमिनीची मागणी होतीच.

गैरसमज नको. आदिवासींनी रानातच राहावे, कुडाच्या झोपडीतच राहावे, असे मी म्हणत नाही. त्या आजींच्या नातवाकडे माझ्यापेक्षा चांगला मोबाईल होता. त्यांना वीज हवी, दवाखाना हवा, मुलांना शाळा हवी. डहाणूचेच जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरचे चित्र कागदावर आणले, ते परदेशांत गेले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. माणूस जगभर फिरला तरी त्याला परतायला आपली भुई लागते, एवढेच माझे म्हणणे आहे. आपल्याला सासर-माहेर दोन्ही असते. ज्याचे गावच कागदावर दुसऱ्याचे झाले, त्याने कुठे परतावे?

गेल्या वर्षी चैत्री पौर्णिमेला मी डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेला गेले होते. येताना यांना म्हटले, जरा त्या वाटेने जाऊ. जागेला पक्के कुंपण झाले आहे. आत बंगला उभा आहे. झाड आहे, पण झाडाखाली काही दिसले नाही. आजींची झोपडी कुठे गेली, कोणी सांगेना. आणि बाहेरच्या भिंतीवर, भगिनींनो, पांढऱ्या रंगात वारली चित्रे काढली आहेत. सुबक आहेत. आपल्या वर्गात काढायचो तशीच आहेत. हे माझ्याकडे पाहून म्हणाले, "मी म्हटले नव्हते, दुसरा घेईल?" त्यांचे म्हणणे खरे झाले. पण ते बोलताना त्यांचाही आवाज खाली होता. आमच्या २१,००० रुपयांनी त्या आजीला काही मिळाले नाही, हे मला ठाऊक आहे. मी काही मोठे केले असे सांगायला आज उभी राहिलेली नाही.

मग आपण बायकांनी करायचे काय? मला सुचते ते सांगते. पहिले, घरात जागेचा विषय निघाला तर सातबारा आपण स्वतः वाचायचा. पुरुषांवर सोडायचे नाही. आदिवासी जमिनीचा शेरा दिसला की तिथेच थांबायचे, मग भाव कितीही पडका असो. दुसरे, आपला चित्रांचा वर्ग पुढच्या वर्षी चालवायचा असेल तर शिकवायला वारली बाईच बोलवायची, तिला मानाने मानधन द्यायचे, आणि चौक म्हणजे काय हे तिच्याच तोंडून ऐकायचे. मी मास्तरकी सोडली.

तिसरे अगदी घरचे आहे. आपल्या डोक्यावर येऊरचा डोंगर आहे. तिथे आजही वारल्यांचे पाडे आहेत. पावसाळा लागला की रस्त्याच्या कडेला बायका शेवळे घेऊन बसतात. आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. ती बाई शेवळ्यांबरोबर काकडे देते आणि बजावते, "याबिगर शिजवू नका, घसा खाजंल." हे ज्ञान तिला शाळेत मिळाले नाही. त्या डोंगराने तिच्या आईला दिले, आईने तिला दिले. आपण सगळ्या या ठाण्यात कुठून कुठून आलो. कोणी घाटावरून, कोणी कोकणातून, माझ्यासारखी पाण्याखालच्या गावातून. तिचे माणूस मात्र आधीपासून इथेच आहे. येत्या पावसाळ्यात तिला भाव विचारण्याआधी तिच्या पाड्याचे नाव विचारा. विचारल्याने तिला जमीन मिळणार नाही, पण आपल्याला कळेल की आपण कोणाच्या अंगणात राहतो.

चिटणीसबाईंनी दहा मिनिटे दिली होती, मी जास्त घेतली. अध्यक्षबाईंनी घंटा वाजविली नाही, हा त्यांचा मोठेपणा. चुकले-माकले असेल तर आपलीच म्हणून सांभाळून घ्या.